मालकानेच शेअर घेतले, मग आपणही घ्यावेत का?

प्रश्न : मी जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर हिशेब लिहितो. काही वर्षांपासून दर महिन्याला थोडे पैसे शेअरमध्ये टाकतो. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये ‘प्रमोटरने शेअर खरेदी केले’, ‘संचालकाने शेअर विकले’ अशा सूचना येतात. मोंढ्यात एखादा जुना, जाणता व्यापारी स्वतःच्या पैशाने हरभरा भरून ठेवायला लागला की बाकीचे कान टवकारतात. इथेही तसेच करावे का? मालकाने घेतले की घ्यायचे आणि त्याने विकले की विकायचे? आणखी एक. कंपनीच्या आतल्या माणसाने शेअरचा व्यवहार करणे हा तर गुन्हा आहे ना? मग ही यादी अशी उघडपणे कशी छापून येते?
— एक वाचक, जालना

उत्तर : तुमच्या दोन शंकांपैकी दुसरी आधी घेऊ. ती सुटली की पहिली निम्मी सुटते.

आतल्या माणसाने स्वतःच्या कंपनीचे शेअर घेणे किंवा विकणे हा गुन्हा नाही. प्रवर्तक, संचालक, अधिकारी या सगळ्यांना तो हक्क आहे. मनाई आहे ती जगाला न कळलेली आणि भावावर परिणाम करणारी बातमी हातात असताना व्यवहार करण्याला. तिमाहीचे निकाल, लाभांश, विलीनीकरण, मोठे कंत्राट मिळणे किंवा हातचे जाणे अशा या बातम्या असतात. सेबीने यासाठी पहिले नियम १९९२ मध्ये केले. आज लागू असलेले नियम २०१५ चे आहेत आणि त्याच वर्षी १५ मेपासून ते अमलात आले.

मनाई नुसती कागदावर राहू नये म्हणून दोन बंधने घातलेली आहेत. पहिले वेळेचे. तिमाही संपली की कंपनीच्या आतल्या मंडळींसाठी व्यवहाराची खिडकी बंद होते आणि निकाल जाहीर होऊन ४८ तास झाल्यावरच उघडते. समजा, ३१ मार्चला वर्ष संपले आणि निकाल मेच्या मध्याला लागला, तर १ एप्रिलपासून तोवर संचालकाला आपल्याच कंपनीच्या शेअरला हात लावता येत नाही. म्हणून या नोंदी वर्षभर सारख्या पसरलेल्या दिसत नाहीत, निकालानंतरच्या दिवसांत त्यांची दाटी होते. अशी दाटी दिसली म्हणून काहीतरी मोठे शिजते आहे असे समजू नका. खिडकी उघडली, एवढाच तिचा अर्थ.

दुसरे बंधन उघड करण्याचे. एका तिमाहीत मिळून दहा लाख रुपयांच्या वर उलाढाल झाली की त्या माणसाने दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला कळवायचे आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराला. आता बरेचसे काम डिमॅटच्या नोंदींवरून संगणकच करतो, त्यामुळे वेग वाढला आहे. तरी हिशेब ध्यानात ठेवा. सोमवारचा व्यवहार तुमच्यापर्यंत शुक्रवारी पोचला तरी तो नियमात बसतो. आणि दहा लाखांच्या आतले व्यवहार तुम्हाला या यादीत दिसणारच नाहीत. म्हणजे तुमच्या मोबाईलवरची यादी गुन्ह्याची नाही. कायद्याप्रमाणे जे सांगावे लागते, ते त्या माणसाने सांगितल्याची ती नोंद आहे. नियम मोडणारा स्वतःहून यादीत नाव लिहायला येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मोंढ्यातल्या व्यापाऱ्याचा तुम्ही दिलेला दाखला चांगला आहे, पण तिथे एक गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहता. तो रोख पैसे मोजतो आणि माल त्याच्या गोदामात जातो. शेअरच्या यादीत ‘खरेदी’ या एका शब्दाखाली पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या करता आल्या नाहीत तर ही यादी न वाचलेलीच बरी, असे माझे मत आहे.

म्हणून सूचनेवर थांबू नका, शेअर बाजाराकडे आलेला मूळ तक्ता उघडा. त्यात व्यवहार करणाऱ्याचे नाव असते. तो प्रवर्तक आहे, संचालक आहे, अधिकारी आहे की त्यांचा नातेवाईक, हे असते. आधी किती शेअर होते, किती घेतले किंवा दिले, त्यांची किंमत, नंतर किती उरले, तारखा, हे सगळे असते. आणि एक रकाना असतो ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. शेअर कोणत्या मार्गाने आले किंवा गेले, हे तिथे लिहिलेले असते. मी सगळ्यांत आधी तोच वाचतो.

त्या रकान्यात ‘बाजारातून’ असे लिहिले असेल तर त्या माणसाने तुमच्या-माझ्यासारखेच, चालू भावाने, पदरचे पैसे घालून शेअर घेतले आहेत. ही खरी खरेदी. पण तिथे ‘ईसॉप’ असेल, तर कर्मचाऱ्याला आधी ठरलेल्या आणि बहुधा खूपच कमी किमतीत शेअर मिळाले आहेत. तो पगाराचाच एक भाग. त्या फरकावर शेअर विकण्याआधीच प्राप्तिकर लागू होतो, म्हणून पुष्कळ अधिकारी मिळालेल्या शेअरमधले काही लगेच विकून कर भरतात. अ‍ॅपवर मात्र आधी ‘अधिकाऱ्याने घेतले’ आणि पाठोपाठ ‘अधिकाऱ्याने विकले’ अशा दोन सूचना येतात. वाचणारा चक्रावतो आणि प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते.

तिथे ‘आपसांत हस्तांतर’ किंवा ‘भेट’ असेल, तर वडिलांचे शेअर मुलाकडे गेले किंवा घरच्या ट्रस्टकडे वळवले. कुटुंबाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. कंपनीविषयी त्यातून काही कळत नाही.

‘प्रेफरेन्शियल’ हा मार्ग असेल तर जरा थांबून पाहावे लागते. यात कंपनी नवे शेअर काढून प्रवर्तकाला देते, बऱ्याचदा वॉरंटच्या रूपात. वॉरंट घेताना चौथा हिस्सा रक्कम भरायची आणि उरलेली अठरा महिन्यांच्या आत. भाव चढला तर बाकीचे पैसे भरून शेअर घ्यायचे, पडला तर भरलेल्या चौथ्या हिश्शावर पाणी सोडायचे. प्रवर्तकाने कंपनीत भांडवल घातले हे खरे, पण भर बाजारातून पूर्ण रक्कम मोजून घेतलेल्या शेअरइतका भरवसा त्यात दिसत नाही. बातमीत दोन्हींना ‘प्रमोटरने हिस्सा वाढवला’ असेच म्हणतात.

मार्ग पाहून झाला की आकार पाहा. ज्याच्याकडे कंपनीचे चाळीस टक्के शेअर आहेत त्याने पंधरा लाखांचे आणखी घेतले, तर त्याच्या पसाऱ्यात तो चिल्लर व्यवहार आहे. लहान कंपन्यांत घसरता भाव सावरायला आणि ‘मालक घेतोय’ अशी हवा तयार करायलाही एवढी खरेदी पुरते. उलट कंपनीचा अर्थविभाग सांभाळणाऱ्या पगारदार अधिकाऱ्याने पंधरा लाख बाजारातून टाकले, तर ती त्याच्या संसारातली मोठी रक्कम आहे आणि कंपनीचा हिशेब रोज त्याच्या नजरेखालून जातो. अशी नोंद मी दोनदा वाचतो. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच महिन्यात असे केले असेल तर त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा, इतके वजन त्याला मी देतो. लगेच शेअर घ्यावेत इतके नाही.

का नाही, त्याचे कारणही नियमातच आहे. कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांनी शेअर घेतले की सहा महिने त्यांना उलटा व्यवहार करता येत नाही. विकले तर त्यातला नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो. म्हणजे आज घेणारा आतला माणूस निदान सहा महिन्यांचा, बहुधा काही वर्षांचा विचार करून घेतो. त्याची नोंद पाहून शेअर घेणारा मात्र पुढच्या आठवड्यात भाव चढण्याची वाट पाहतो आणि चढला नाही की नोंद खोटी होती म्हणतो. नोंद खरी होती, दोघांची घड्याळे वेगळी होती.

आता विक्रीकडे वळू. लोक सर्वांत जास्त घाबरतात ते इथे, आणि बहुतेक वेळा विनाकारण. शेअर विकण्याला हजार कारणे असतात. घर घ्यायचे, मुलीला परदेशी शिकायला पाठवायचे, सगळा पैसा एकाच कंपनीत अडकला म्हणून थोडा बाहेर काढायचा. कधी तर कायदाच विकायला लावतो. शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या कंपनीत किमान २५ टक्के हिस्सा जनतेकडे हवा. डीमार्टची दुकाने चालवणारी अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स मार्च २०१७ मध्ये बाजारात आली तेव्हा राधाकिशन दमानी आणि इतर प्रवर्तकांकडे ऐंशी टक्क्यांहून अधिक हिस्सा होता. तो ७५ टक्क्यांवर आणायला तीन वर्षांची मुदत होती. म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने संस्थांना नवे शेअर विकले आणि पाठोपाठ दमानींनी स्वतःच्या हिश्शातले काही बाजारात आणले. ‘दमानी विकतायत’ एवढाच मथळा वाचून ज्याने आपले शेअर काढले, त्याने नियमाची एक ओळ वाचायची राहून गेली होती.

विक्रीमागचे कारण बाहेरून ओळखणे किती अवघड असते, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या गॅमन इन्फ्रास्ट्रक्चर प्रोजेक्ट्स या कंपनीचे आहे. महामार्ग प्राधिकरणाच्या रस्त्यांच्या कामांसाठी तिचे सिम्प्लेक्स इन्फ्रास्ट्रक्चर्सशी करार होते. ऑगस्ट २०१३ मध्ये ते करार मोडायचे ठरले. शेअर बाजाराला हे महिनाअखेरीस कळवले गेले, आणि त्याआधीच कंपनीचे अध्यक्ष अभिजित राजन यांनी सुमारे १४४ लाख शेअर विकून टाकले. किंमत दहा कोटींच्या वर. वरवर पाहता चित्र स्पष्ट वाटते, की करार मोडल्याची वाईट बातमी फुटण्यापूर्वी मालक बाहेर पडला. सेबीलाही तसेच वाटले आणि तिने एक कोटीहून अधिक रक्कम परत करायला सांगितली.

प्रकरण आधी अपील न्यायाधिकरणात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने राजन यांच्या बाजूने निकाल दिला. कारणे दोन. एक, करार मोडणे ही कंपनीच्या दृष्टीने वाईट बातमी नव्हती. त्यातून कंपनीचा फायदाच होण्यासारखा होता, म्हणजे नफेखोर माणूस असता तर तो बातमी फुटेपर्यंत थांबला असता. दोन, मूळ कंपनी गॅमन इंडिया कर्जात बुडालेली होती. कर्जाची फेररचना करताना प्रवर्तकांनी पैसे घालावेत अशी अट होती आणि ती पाळण्यासाठी हे शेअर विकले गेले. आता पाहा, एका माणसाने का विकले हे ठरायला नऊ वर्षे आणि तीन पायऱ्या लागल्या. सगळी कागदपत्रे समोर असताना ही गत. तुमच्या मोबाईलवर त्या दिवशी एक ओळ आली असती : अध्यक्षांनी शेअर विकले.

म्हणून सगळी विक्री सोडून द्यावी का? नाही. एक सुटी विक्री काही सांगत नाही, पण वर्षानुवर्षे झिरपत चाललेला हिस्सा सांगतो. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटरमध्ये प्रवर्तकांकडे २००१ मध्ये कंपनीचा साधारण चौथा हिस्सा होता. २००८ येईपर्यंत तो नऊ टक्क्यांच्या खाली उतरला होता. हे गुपित नव्हते. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता द्यावा लागतो, तो सलग लावून पाहिला असता तर उतार दिसत होता. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली. उरलेले शेअरही कर्जापोटी गहाण होते आणि सावकारांनी ते बाजारात विकले. त्याच महिन्यात सेबीने प्रवर्तकांचे गहाण शेअर जाहीर करणे सक्तीचे केले.

गहाणाची ही नोंद त्याच यादीत येते आणि मी तिला विक्रीपेक्षा जास्त महत्त्व देतो. शेअर गहाण ठेवले तर ‘प्लेज’, सोडवले तर ‘रिव्होकेशन’ आणि सावकाराने ताब्यात घेतले तर ‘इन्व्होकेशन’ असे तिथे लिहिलेले असते. भाव पडला की सावकार आणखी तारण मागतो, ते मिळाले नाही तर गहाण शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. ज्या कंपनीत प्रवर्तकाच्या हिश्शाचा मोठा भाग गहाण आहे तिथे त्याने बाजारातून चार शेअर घेतले तरी मला त्याचे कौतुक वाटत नाही.

खरेदी-विक्रीतला हा फरक अमेरिकेतल्या अभ्यासातही दिसला आहे. तिथे १९३४ च्या कायद्यापासून आतल्या माणसांना आपले व्यवहार जाहीर करावे लागतात आणि २००२ पासून ते दोन कामकाजाच्या दिवसांत. लाकोनिशॉक आणि ली या अभ्यासकांनी १९७५ ते १९९५ या काळातल्या तिथल्या नोंदी तपासून २००१ मध्ये निष्कर्ष मांडला. आतल्या मंडळींच्या खरेदीतून पुढच्या भावाचा काहीसा अंदाज येतो, तोही मुख्यतः लहान कंपन्यांत. विक्रीतून येत नाही.

शेवटी जालन्यापुरते सांगतो, कारण गावच्या कंपन्यांची यादी शोधायला तुम्ही जाणारच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापलेली महिको तिथे सापडणार नाही. ती आज प्रायव्हेट लिमिटेड आहे. औद्योगिक वसाहतीतल्या सळई बनवणाऱ्या गिरण्या बहुतेक घरच्याच मालकीच्या आहेत. त्यांच्या मालकांनी आपसांत शेअर दिले-घेतले तरी बाजाराला कळवायचा प्रश्न येत नाही. जालन्यात कारखाना असलेली एनआरबी बेअरिंग्ज मात्र नोंदणीकृत आहे. तिच्या तिमाही तक्त्यापासून वाचनाची सवय लावून पाहा. घ्या किंवा विका असे मी म्हणत नाही, पण नाव ओळखीचे असले की रकाने लवकर समजतात.

प्रश्न : माझा भाचा एका नोंदणीकृत कंपनीच्या कारखान्यात आहे. सध्या तिसरी पाळी सुरू झाली, माल भरभरून जातो आहे, असे तो सांगतो. त्यावरून मी शेअर घेतले तर गुन्हा होतो का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ट्रका कोणीही मोजू शकतो. जे रस्त्यावरून दिसते ते गुपित नव्हे. पण भाचा हिशेब विभागात असेल आणि निकालाचा आकडा जाहीर होण्याआधी त्याने तुम्हाला सांगितला, तर दोघेही अडचणीत येता. कायदा नाते किंवा हुद्दा एवढेच पाहत नाही. अशी माहिती ज्याच्या हाती आली तो ‘आतला’ ठरतो, मग त्याने कारखान्यात पाऊल ठेवलेले नसले तरी. दंड किमान दहा लाखांचा आहे आणि तो पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो.

‘ऐकीव गोष्ट पुढे पाठवली तर काय बिघडले’ असे पुष्कळांना वाटते. २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या निकालांचे आकडे आधीच व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरल्याचे उघड झाले आणि नंतर सेबीने ते पुढे पाठवणाऱ्यांना दंड केला. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला, कारण आकडे कंपनीतूनच फुटले हे सिद्ध झाले नाही. ती मंडळी सुटली, पण त्याआधी त्यांचे फोन तपासले गेले आणि वर्षे खटल्यात गेली. भाच्याला कामाचे तपशील विचारू नका, त्याची नोकरी तुमच्या नफ्यापेक्षा मोठी आहे.

प्रश्न : आतल्या मंडळींच्या खरेदीची यादी रोज पाठवतो म्हणून टेलिग्रामवरचा एक गट वर्गणी मागतो आहे. भरावी का?
— एक वाचक, भोकरदन

उत्तर : भरू नका. ही यादी बीएसई आणि एनएसई या दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावापुढे रोज येते. भागधारणेचा तिमाही तक्ता आणि गहाण शेअरची माहितीही तिथेच असते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. कोणी यादीबरोबर ‘हा शेअर घ्या’ असा सल्लाही देत असेल, तर त्याच्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.